लग्नापुरत्या गोळ्या

ही हकीगत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बहीण जिवंत आहे तोवर तिला नव्याने दुखवायचं नाही, असं कारण मी स्वतःला देत असे. मागच्या हिवाळ्यात ती गेली आणि ते कारणही तिच्याबरोबर गेलं. शेवटपर्यंत ती आल्यागेल्याला एकच सांगायची, "पोट्टीनं गोळ्या फेकल्या, म्हणून हातची गेली." मी शेजारी बसलेला असायचो. लोक हळहळायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, मामाने मात्र फार केलं हो.

मी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीत नोकरी केली. हुद्दा कंपाउंडरचा. पण रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यातले लोक मला डॉक्टरसाहेब म्हणत आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. संध्याकाळी घराच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलंच असे. कुणाचं पोट, कुणाचा खोकला. मी नाडी बघायचो, जीभ बघायचो, पुडी बांधून द्यायचो. बाजारातले झोलाछाप, बिनपदवीचे डॉक्टर गुडघेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळतात, म्हातारे दोन दिवसांत पळायला लागतात आणि वर्षभरात सुजून मरतात, हे मीच लोकांना समजावून सांगायचो. हे मुद्दाम लिहितो. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

माझी धाकटी बहीण रायपुरातच, गुढियारीत राहायची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्याच्या जागी तिला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. एकच मुलगी, नववीत. बाप नसल्यामुळे त्या घरातली प्रत्येक गोष्ट मला विचारून व्हायची. पोरीची शाळा कोणती, सायकल घ्यायची की नाही, सगळं. भाचीला मराठी पूर्ण कळायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. माझी आई होती तोवर तिला चिडवायची, "ही पोट्टी रायपूरची, आपली नाहीच." त्यावर ती म्हणायची, "तो आप लोग कहाँ के हो, दादी? स्टेशन से बाहर तो यहीं निकले थे ना." आईच्या आईला दादी नाही, नानी म्हणतात, एवढंही तिने कधी ऐकलं नाही.

रायपूर राजधानी होऊन नवं राज्य झालं होतं ते दिवस. जुन्या इमारतींवर नव्या खात्यांच्या पाट्या चढत होत्या. भोपाळच्या कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि ज्यांच्या वाट्याला रायपूर आलं ते रडतरडत इकडे आले. त्यातलंच एक मराठी घर. मुलगा मंत्रालयात, एकुलता, आणि आता कायमचा इथला, म्हणून मुलगीही इथलीच बघत होते. माझ्या मुलीचं स्थळ असं जुळलं. आमच्या नात्यात मंत्रालयात कुणी नव्हतं. साक्षगंध दसऱ्याच्या सुमारास झालं आणि तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली.

साक्षगंधाच्या दिवशी भाची चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. मुलाच्या आईने तिला जवळ बसवून घेतलं, गाल बघितले, मनगट धरून बघितलं. मग माझ्या बायकोला म्हणाली, "पोट्टी लय बारीक आहे. घरात काही बिमारी-गिमारी तर नाही न? राग नका मानू, आमच्याकडे एकदा फसगत झाली आहे."

"खात नाही हो," माझी बायको हसून म्हणाली. "टीव्हीसमोर बसते नुसती."

सगळे हसले. भाचीही हसली. त्याच दिवशी पाहुणे गेल्यावर बहिणीने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि पोरीची ओढणी बाजूला केली. मानेच्या उजव्या बाजूला, कानाच्या खाली गाठ होती. बोट लावलं तर खोडरबरासारखी, दुखत नव्हती. संध्याकाळी अंगात कणकण असते, असं बहीण म्हणाली. रात्री उशी घामाने भिजते.

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या दवाखान्यातल्या सर्जनकडे घेऊन गेलो. तरुण माणूस होता. त्याने मान, काखा, पोट सगळं नीट तपासलं. "टीबी हो सकता है, और भी कुछ हो सकता है," तो म्हणाला. "गाठ काढून तपासणीला पाठवू. छोटासा चीरा, दोन-तीन टाके. या आठवड्यातच करून टाकू."

मी त्याला लग्नाची तारीख सांगितली. तो म्हणाला, लग्नाचा आणि याचा काय संबंध?

संबंध होता. माझ्या मुलीला बहीण नाही. करवली म्हणून भाचीच उभी राहणार होती, हातात करा घेऊन, नवरीच्या मागे, सगळ्या वऱ्हाडासमोर. केस वर बांधलेले, मान उघडी. मानेवर ताजे टाके, नाहीतर गाठ. आणि ती बाई मनगटं धरून बघणारी. टीबी हा शब्द त्या मांडवात नुसता कुजबुजला गेला असता तरी मुलाकडचे परत फिरले असते, असं मला वाटलं. फिरले असतेच असं आज मी म्हणू शकत नाही. त्या बाई पुढे माझ्या मुलीशी फार चांगल्या वागल्या.

मी सर्जनला सांगितलं, लग्न झालं की लगेच आणतो. बहिणीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले घाई नाही. डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं.

"दादा, खरंच काही होणार नाही न?" तिने विचारलं.

"मी काय गवत उपटलं का इतके वर्षं दवाखान्यात?" मी म्हणालो. 

दिवाळीत गाठ वाढली. ओढणीतून दिसायला लागली. ताप रोज येऊ लागला. लग्न तोंडावर आलं तेव्हा मी दवाखान्याच्या साठ्यातून स्टेरॉइडच्या गोळ्या घरी आणल्या. दमेकऱ्यांना रोज देत होतो, त्याच त्या लहान पांढऱ्या गोळ्या. कागदाच्या पुडीत बांधून भाचीला दिल्या आणि सांगितलं, ताकदीच्या आहेत, दूध पिऊन घ्यायच्या, कुणाला सांगत बसायचं नाही.

"मम्मी को भी नहीं?"

"तिले मी सांगतो."

बहिणीलाही मी ताकदीच्याच म्हणून सांगितलं.

तीन-चार दिवसांत ताप उतरला. आठवड्याच्या आत गाठ बसली. पोरगी भुकेने उठून डबे उघडू लागली, गाल भरले, तोंडावर तेज आलं. सदर बाजारात दागिने घ्यायला आम्ही तिला बरोबर नेलं तर ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. बहीण माझ्या पाया पडली. हळदीच्या दिवशी बायका तिला चिडवत होत्या, "मामाच्या घरचं तूप लागलं वाटते पोट्टीले. आता हिचंच लावून टाका यंदा."

"पहले दसवीं तो करने दो, मौसी," ती म्हणाली आणि त्यांच्याच ताटातली जिलबी उचलून पळाली.

लग्नाच्या फोटोंमध्ये ती करा घेऊन उभी आहे. मान उघडी, गजरा, कुठे काही नाही. ते फोटो बघून आजही लोक म्हणतात, किती सुंदर दिसत होती. मीही त्या दिवशी तिच्याकडे बघून खूश होतो. माझ्या हातात गुण आहे, असं मला खरोखर वाटलं होतं.

लग्न झालं, गोळ्या मी बंद केल्या. पंधरवड्यात गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी, आणि दुसऱ्या बाजूलाही. ताप असा की पोरगी बरळायची. बहिणीने ऑफिसातून फोन केला, "दादा, त्या ताकदीच्या गोळ्या द्या न पुन्हा, त्यानंच बरं वाटत होतं तिले." मी दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला आणि तशा उतरलेल्या तापात मी तिला सर्जनकडे घेऊन गेलो.

त्याने झालेल्या उशिराचं काही बोलून दाखवलं नाही. कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कोई दवा चल रही है? स्टेरॉइड वगैरह कुछ दिया है?"

भाची बाहेर बाकावर बसली होती. खोलीत मी आणि तो. तो हा प्रश्न विचारतो आहे, त्या अर्थी उत्तराला महत्त्व आहे, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पण साठ्यातून चिठ्ठीशिवाय औषध उचललं हे सांगायचं तर नोकरीवर आलं असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की मी झोलाछाप ठरलो असतो. मी म्हणालो, नाही.

गाठ काढली. रिपोर्ट आला: मेलेल्या पेशी, सूज, निदान नक्की सांगता येत नाही, टीबीची शक्यता. त्यावर टीबीचं औषध सुरू झालं. मोठमोठ्या गोळ्या, रोज उपाशीपोटी. लघवी नारिंगी व्हायची, पोरगी ओकून ओकून बेजार व्हायची. गाठी वाढतच राहिल्या. काखेत आल्या. दंडावर आणि पाठीवर लालसर फोड उठले, ते फुटून चिघळले. शाळा सुटली. महिने जात होते.

उन्हाळा लागला तसा बहिणीने कूलर साफ करायला काढला. वाळ्याच्या गवतामागे काही गोळ्या सापडल्या, ओल्याने फुगलेल्या. मूठभरही नव्हत्या. ओकारी येत होती त्या दिवसांत कधीतरी पोरीने टाकल्या असणार. तिने आधी नाही म्हटलं. बहिणीने तिला माझ्यासमोर थोबाडीत मारली.

"खोटं बोलून राहिली? मी ऑफिसात मरून राहिली तुझ्यासाठी, अन् तू गोळ्या फेकून राहिली?"

पोरगी गाल धरून माझ्याकडे बघत राहिली. मामा काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असेल. तेवढ्या गोळ्या चुकल्याने असला आजार असा फोफावत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, "टीबीच्या दवाखान्यात पेशंटला समोर बसवून गोळी गिळायला लावतात. नंतर जीभ उचलून बघतात. तूही तसंच करत जा." तेव्हापासून रोज सकाळी बहीण तिच्यापुढे उभी राहायची, "आऽ कर. जीभ वर कर." चौदा वर्षांची मुलगी रोज आ करायची आणि जीभ वर करायची. माझ्यासमोरही कित्येकदा.

सर्जनने विचारलं, औषध लागू का पडत नाही? मी सांगितलं, "फेंक देती है, डॉक्टर साहब." त्याने मान हलवली. सगळ्यांनाच कारण मिळालं. नात्यात, शेजारात, माझ्या मुलीच्या सासरीसुद्धा तेच पसरलं. आजार आता लपवायचं कारण राहिलं नव्हतं, लग्न झालेलं होतं.

पुन्हा एक महिना गेल्यावर सर्जननेच हट्ट धरला आणि काखेतली गाठ काढून कर्करोगाचा विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवली. तिथल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी काचपट्ट्या खास रंग देऊन तपासायला मुंबईला पाठवल्या. तसल्या तपासण्या तेव्हा रायपूरला होत नव्हत्या. उत्तर आल्यावर त्यांनी मला खात्यातला माणूस म्हणून आत बोलावलं. लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता, लिम्फोमा, त्यातलाही क्वचित दिसणारा प्रकार. पेशी मोठाल्या, बेढब, एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. लहान वयातच जास्त होतो, टीबीसारखा भासतो.

"या वयाच्या मुलांना याचं औषध चांगलं लागू पडतं," बाई हिंदीत सांगत होत्या. "बरीच मुलं बरी होतात. फक्त औषध वेळेवर मिळायला हवं. पहिल्याच वेळी सापडायला हवं होतं." त्यांनी जुनी काचपट्टीही मागवून घेतली होती. सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता त्या म्हणाल्या, "यात सगळ्या पेशी विरघळून गेल्या आहेत. स्टेरॉइड दिलं तर असं होतं. तेव्हा काही दिलं होतं का?"

मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो.

उपचार सुरू झाले. मोठ्या औषधांच्या आधी काही दिवस आजाराचा भार कमी करायला गोळ्या देतात. वॉर्डात सिस्टरने भाचीच्या तळहातावर गोळी ठेवली. शेजारी कॅन्सरचे डॉक्टर कागद वाचत उभे, पायथ्याशी बहीण, आणि मी खिडकीपाशी. भाचीने गोळी बोटांनी फिरवून बघितली.

"ये तो वही है," ती म्हणाली. "ताकत वाली. मामा देते थे ना, दीदी की शादी में."

डॉक्टरांनी कागद खाली केला. "कौन सी देते थे?"

"यही. इससे गाँठ भी चली गई थी."

मला आजही कळत नाही की मी इतक्या सहज कसा बोललो. मी हसलो. "नाही हो सर, ती व्हिटॅमिनची होती. सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसतात लेकरांना."

"नहीं मामा, उस पे भी ऐसी ही लाइन थी बीच में."

"गप बस न," बहीण ओरडली. "गोळ्या फेकल्या ते नाही सांगत डॉक्टरले, अन् मामावर नाव घेऊन राहिली. ज्यानं तुझ्यासाठी एवढं केलं त्याच्यावर."

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पुढच्या पलंगाकडे वळले. भाचीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि कुणी न सांगता आ करून जीभ वर केली. त्यानंतर तिने त्या गोळीचं नाव कधी काढलं नाही.

पहिल्या औषधांनी गाठी विरघळल्या. आम्ही पेढे वाटले. केस गेले, तोंडभर फोड आले, पाण्याचा घोट गिळताना ती पलंगाची कड धरायची. तरी गाठी गेल्या होत्या. पावसाळा संपता संपता त्या परत आल्या. दुसरी, जास्त जहाल औषधं दिली. त्यांनी गाठींच्या आधी तिचं रक्तच खाल्लं. अंगात कुठलाही जंतू शिरला तरी अडवायला काही उरलं नव्हतं. उशीर फार झालेला होता, असं डॉक्टर बहिणीला समजावत होते. बहीण म्हणाली, "हो साहेब, हिनंच केला उशीर." पलंग हाताच्या अंतरावर होता.

आता सांगतो ती दुपार तिच्या शेवटच्या आठवड्यातली. बहीण घरी वरण-भात करून आणायला गेली होती. मी स्टुलावर बसलो होतो. भाचीला धाप होती, पण ती शुद्धीत होती. 

"मामा, एक बात बोलूँ? डाँटोगे नहीं ना?"

"बोल न."

"वो कूलर में गोली मैंने ही डाली थी. मम्मी को बोला था नहीं डाली. डाली थी." ती दम घ्यायला थांबली. "उल्टी होती थी, इसलिए. थोड़ी सी ही थी. मुझे नहीं पता था इतना हो जाएगा. सॉरी मामा."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"आप गुस्सा हो?"

आणि मी तिच्या डोक्यावरून, केस नसलेल्या डोक्यावरून, हात फिरवून म्हणालो, "नाही बेटा. जाऊ दे. म्या माफ केलं."

तिला बरं वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. तिने डोळे मिटले. मी म्हणालो, "बेटा." तिने डोळे उघडले. "क्या?"

वॉर्डात आसपास कुणी ऐकणारं नव्हतं. नोकरीची आता मला भीती नव्हती, मुलगी सासरी सुखात होती, साठ्यातल्या गोळ्यांचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. अडवणारं काहीच नव्हतं. मला म्हणायचं होतं, तुझ्या हातून काही झालेलं नाही. ती गोळी तीच होती, तू खरं बोलत होतीस. मी दिली, मी लपवलं, आणि तुला खोटं पाडलं. मला माफ कर. वाक्यं तयार होती, आजही जशीच्या तशी तयार आहेत. ती वाट बघत होती.

तेवढ्यात बहीण डबा घेऊन आली. "काय चालू आहे मामा-भाचीचं?"

"मामा ने माफ कर दिया," भाची म्हणाली.

बहिणीने डबा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मला हात जोडले. मी उठून तिला स्टूल दिलं आणि म्हणालो, वरण गार होईल, आधी तिला भरव.